गारोनेंच्या घरातली चोरटी

१

"चोरटी," म्हातारे एवासिओ गारोने म्हणाले. "ती... चोरटी..."

एवढंच. डोळे छताकडे लागलेले, ओठ निळे पडलेले, छातीत घरघर. फौजदार स्पातारो पलंगावर ओणवा होऊन पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला, पण पुढचा शब्द आलाच नाही. म्हाताऱ्यांचे डोळे पुन्हा मिटले.

खोलीतल्या सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात तेर्सिल्ला उभी होती, गारोनेंची मोलकरीण. हातात गरम पाण्याचं भांडं होतं. ते तिनं खाली ठेवलं आणि कोरडेच हात एप्रनला पुसत राहिली.

"ऐकलंत ना साहेब?" पुतण्या देल्मो म्हणाला. "काकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आता आणखी काय हवंय तुम्हाला?"

देल्मोच सकाळी सगळ्यांत आधी वर गेला होता. काका बेशुद्ध, कपाटाचा खण उघडा आणि स्वर्गवासी काकूंचा लाल खड्यांचा ब्रोच गायब, हे त्यानंच पाहिलं आणि आरडाओरडा केला. हिच्या गादीखाली बघा, असंही त्यानंच सुचवलं. हवालदार खाली स्वयंपाकघरात गेला, तिथल्या तिच्या खाटेवरची गादी उचलली आणि वर आला तो ब्रोच तळहातावर घेऊनच.

"मी नाही घेतला," तेर्सिल्ला म्हणाली. रडली नाही की देवाची शपथ घेतली नाही.

"अगं बाई!" सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू आमाबिले बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. "मी म्हणतच होते. इतकी गप्प राहणारी बाई कधी सरळ असते का?"

"गप्पा नंतर मारा हो!" डॉक्टर पावेझे खेकसले. "म्हाताऱ्यांना आधी नन्सच्या दवाखान्यात हलवा. न्यूमोनिया आहे, खोली ऊबदार ठेवा, असं मी काल घसा फोडून सांगितलं होतं. आणि ही खोली बघा! इथं मटण टांगून ठेवावं!"

बोलताना डॉक्टरांच्या तोंडातून वाफ निघत होती. स्पातारोनं खोलीभर नजर फिरवली. पलंगाशेजारी विजेचा हीटर होता, थंडगार. त्याची वायर फरशीवर लोळत होती आणि तिच्या टोकाला नवी कोरी, चकचकीत, बारीक पायांची पिन होती. भिंतीतलं सॉकेट रिकामं होतं. छतापासून लोंबणारा दिवा म्हाताऱ्यांच्या बरोबर डोक्यावर होता.

"हेच तर म्हणतोय मी," देल्मोचा आवाज चढला. "ही ब्रोच काढत असताना काका जागे झाले असणार. मग हिनं हीटरची पिन उपसली. थंडीनं माणूस मेला की तोंड कायमचं बंद! साहेब, ही नुसती चोरी नाही. काका गेले तर हा खून आहे, खून!"

आता मात्र तेर्सिल्लाचा चेहरा पांढराफटक पडला.

२

सरकारी वकिलांचा फोनवरचा आवाज कंटाळलेला होता. माल सापडला, म्हाताऱ्यानं बोट दाखवलं, मग अडलंय कुठं? बाईला संध्याकाळच्या बसनं जिल्ह्याच्या तुरुंगात धाडून द्या. म्हातारा दगावला तर खुनाचं कलम लावू.

स्पातारोच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. चोरी करून, खुनाचा प्रयत्न करून ही बया ब्रोच स्वतःच्या गादीखाली ठेवते आणि सकाळी मालकासाठी पाणी तापवत बसते? एवढी मूर्ख? की एवढी बेरकी? बोर्गोरिवा गावची माणसं त्याला अजून उमजली नव्हती. तो दक्षिणेकडचा, सिसिलीतला. उत्तर इटलीतल्या या पिएमोंतेच्या धुक्यात येऊन त्याला एकच हिवाळा झाला होता. इथं लोक हसून बोलायचे, पण पोटातलं ओठावर येऊ द्यायचे नाहीत.

त्यानं गारोनेंच्या बैठकीत एकेकाला बोलावलं. आधी देल्मो आला. जमीनमोजणीचं काम करणारा, तेल लावून केस चापून बसवलेला.

"काल संध्याकाळी मी इथंच होतो," तो सांगू लागला. "हीटर दुरुस्तीला नेला होता तो परत आणला, स्वतःच्या हातानं भिंतीत लावला आणि काकांशी बोलत बसलो. कॉइल कशी लालभडक झाली होती साहेब, काय सांगू! मी आधी कोट काढला, मग जाकीट काढलं. भट्टीच म्हणा ना. काकांना झोप लागली तसा उठलो."

"तेर्सिल्ला तेव्हा कुठं होती?"

"खाली. दुसरं काय, धांदरटपणा चालला होता तिचा. दोनदा घरातला दिवा घालवला तिनं! मी वरून ओरडलो, अगं मेणबत्ती लाव म्हणून. अशी बेजबाबदार बाई! काकांना किती वेळा सांगितलं, हिला काढा."

"आणि काकांनंतर हे घर कुणाचं?"

देल्मोनं पापणीही हलवली नाही. "माझं. सोमवारी नोटरी येणार होता, काका घर बालवाडीला देऊन टाकायचं म्हणत होते. म्हातारपणाचे चाळे. मला त्याचं काही नाही."

मग आमाबिले बाई. नाकानं कांदे सोलत आल्या, आणि घर बालवाडीला गेलं तर आपल्याला खोली सोडावी लागेल हे त्यांनी तीन वेगवेगळ्या वाक्यांत लपवायचा प्रयत्न केला. त्यांच्याकडे गारोनेंच्या घराची किल्ली होती. ती कशाला, या प्रश्नावर त्या इतक्या घुश्शात आल्या की स्पातारोनं त्यांचंही नाव मनात टिपून ठेवलं.

"दिवा गेला होता का हो काल?"

"गेला होता की! माझा नाही, माझं मीटर वेगळं आहे. मी जिन्यात होते तेव्हा गारोनेंचं सगळं घर काळंठिक्कर झालं. देल्मोसाहेब काकांच्या खोलीतून ओरडत होते. पुन्हा आला, पुन्हा गेला."

"जिन्यात काय करत होता तुम्ही?"

"उभी होते," आमाबिले बाई म्हणाल्या आणि पुढं ताकास तूर लागू देईनात.

शेवटी तेर्सिल्ला. ती खुर्चीवर बसेना.

"हीटर मी बंद केला नाही," ती म्हणाली. "देल्मोसाहेब गेल्यावर मी मेणबत्ती घेऊन वर डोकावले होते. मालक झोपले होते, हीटर चालू होता. पण त्यात जीव नव्हता. चुलीतला निखारा विझत आला की दिसतो तसा. मी हात लावून बघितला, कोमट होता. म्हटलं, दुरुस्तीवाल्यानं फसवलं असेल. मालकांवर माझी गोधडी घातली आणि खाली आले. सकाळी अंगणात पाणी भरत होते, तेव्हा देल्मोसाहेबांचा आरडाओरडा ऐकला."

"देल्मो म्हणतो, कॉइल लालभडक होती."

"मग असेल. माझं कोण ऐकणार?"

"दिवा दोनदा कसा गेला?"

"कुणास ठाऊक. स्वयंपाकघरातला दिवा लावला की टक्कन सगळं बंद. रोज हेच दिवे लावते मी. रेडिओसुद्धा चालतो सोबत, कधी गेला नाही."

स्पातारो दाराजवळच्या मीटरपाशी गेला. इथल्या प्रत्येक घरात असतात तशी दोन मीटरं होती: एक दिव्याच्या लाईनचं, एकशे पंचवीस व्होल्ट, आणि एक पॉवरच्या लाईनचं, दोनशे वीस व्होल्ट. दर वेगळे, तारा वेगळ्या. दिव्याच्या मीटरखाली वीज कंपनीची काळी पेटी होती. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली की ती टक्कन लाईन तोडायची आणि मग तिचं बटण दाबावं लागायचं. पेटीवर लिहिलं होतं: तीन अँपिअर.

म्हणजे तिघंही दिवा गेल्याचं सांगत होते, आणि तिघांनाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं. त्याला मात्र ते खुपत होतं. का खुपतंय, हे काही केल्या कळत नव्हतं.

३

"कुठं उलथली ती चोरटी?"

स्पातारो ताडकन उठला. दुपारची वेळ, मादाम तेक्लाचं स्वयंपाकघर. तो तिच्याकडे भाड्यानं राहायचा. वकिलांसमोर जायचं म्हणून त्यानं सदरा इस्त्रीला दिला होता आणि स्वतः बनियनवर बसून तिच्या पाटावरची पिठाची लाटी बघत होता.

"कोण? कुणाबद्दल बोलताय?"

"चोरटी हो! कालपर्यंत इथंच होती. शेजारणीनं नेली असणार, मेलीला दिलेलं परत करायला नको." मादाम तेक्लानं खण उपसला. "ही बघा, सापडली. सुतळीत गुंतून बसली होती."

तिनं खुर्चीवर चढून दिव्याचा बल्ब काढला. त्या जागी पितळेचं एक होल्डरसारखं बुटकं बोंडूक फिरवून बसवलं आणि त्याच्या खाली पुन्हा बल्ब लावला. बोंडकाच्या कुशीला दोन बारीक भोकं होती. त्यांत तिनं इस्त्रीची पिन खोचली.

"याला काय म्हणतात?" स्पातारो तिच्या खुर्चीजवळ सरकला.

"चोरटी. दिव्याच्या तोंडचा घास पळवते ना, म्हणून. सगळा गाव हेच म्हणतो. तुमच्याकडं काय म्हणतात?"

"आमच्या गावात दिवाच नव्हता, मादाम."

"अरे देवा!" ती हसली. मग त्याचा चेहरा बघून हसायची थांबली. "काय झालं हो? भूत बघितल्यासारखं काय करताय?"

स्पातारोच्या डोळ्यांपुढं म्हातारा होता. छताकडे लागलेले डोळे. छताकडे कुठले, दिव्याकडे! तो माणूस कुणाला चोर म्हणतच नव्हता. हीटर कुठं जोडलाय ते सांगत होता बिचारा.

"मादाम, हीटरची पिन या चोरटीत बसते?"

"छे! हीटर पॉवरवरचा, त्याच्या पिनेचे पाय जाड. भिंतीत बसतात ते. चोरटीला बारीक पाय लागतात. आणि बसवला तरी काय उपयोग? आमच्या मेहुण्यानं एकदा पिन बदलून असला शहाणपणा केला होता. सगळे कोट घालून बसलो होतो त्या हीटरसमोर."

फरशीवरची ती नवी कोरी पिन! तिचे पाय बारीक होते. भिंतीत ती कधी लावलेलीच नव्हती, कारण ती तिथं बसलीच नसती. स्पातारोनं मादाम तेक्लाचा पाट पुढं ओढला आणि पिठात बोटानं आकडे काढायला सुरुवात केली. लढाईत तो बिनतारी पथकात होता, तेव्हाचं गणित अजून बोटांत होतं.

"अहो, माझं पीठ!"

"थांबा जरा. हीटरवर लिहिलंय, दोनशे वीस व्होल्ट, हजार वॉट. हजाराला दोनशे विसानं भागलं की त्यातून किती वीज वाहते ते कळतं. साडेचार अँपिअर. आता दोनशे विसाला साडेचारनं भागा. सुमारे एकोणपन्नास ओहम. हा त्या तारेचा रोध. म्हणजे तार विजेला किती अडवते ते. तार तीच, म्हणून हा आकडा कुठंही तोच. बरोबर?"

"तुम्ही म्हणताय म्हणजे असेल."

"आता तोच हीटर दिव्याच्या लाईनवर लावा. एकशे पंचवीस भागिले एकोणपन्नास. अडीच अँपिअरच्या किंचित वर. एकशे पंचवीस व्होल्ट गुणिले अडीच अँपिअर केलं की किती वॉट? सव्वातीनशेच्या आत! विजेचा दाब निम्म्याच्या जवळ आला, पण ऊब तिसऱ्या हिश्श्यावर. बघणाऱ्याला वाटतं हीटर चालू आहे. हाताला कोमट लागतो. आणि शेजारी न्यूमोनियाचा म्हातारा थंडीनं हळूहळू जातो."

मादाम तेक्लानं इस्त्री बाजूला ठेवली. "असं कोण करेल हो? माणूस आहे की कोण आहे?"

"तेच तर. देल्मो म्हणेल, चोरटी मोलकरणीनंच लावली, मी गेल्यावर. पिनही तिनंच बदलली. मग?"

तो पिठाकडे बघत राहिला. अडीचच्या वर. पेटीवर तीन. एकाएकी त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि पिठानं कपाळ माखलं.

"दिवा!" तो ओरडला. "दिवा का गेला, मादाम? सदरा द्या. कसाही द्या, चुरगळलेला द्या!"

४

दुपार कलली नव्हती तरी धुक्यामुळं म्हाताऱ्यांच्या खोलीत दिवा लावावा लागला होता. तिथं देल्मो, आमाबिले बाई आणि डॉक्टर उभे होते. हवालदारानं तेर्सिल्लाला ठाण्यातून आणून खाली अंधाऱ्या स्वयंपाकघरात उभं केलं होतं.

स्पातारोनं खिशातून मादाम तेक्लाची चोरटी काढली. देल्मोची नजर तिच्यावर पडली आणि लगेच खिडकीकडे वळली. नको इतक्या लगेच.

"काही नाही, जरा ऊब करतो," स्पातारो म्हणाला. चोरटी दिव्यात बसवली, हीटरची पिन तिच्यात खोचली. पिन अलगद आत गेली. मग त्यानं रेडिओवाल्याकडून आणलेलं अँपिअरचं मीटर जोडून डॉक्टरांपुढं धरलं. "वाचा डॉक्टर."

"अडीच... आणि थोडं."

"देल्मोसाहेब, कोट काढा. भट्टी पेटलीय."

सगळे थांबले. कॉइल तपकिरी झाली, किंचित लालसर झाली आणि तिथंच रुसून बसली. डॉक्टर हात चोळत होते. कोट कुणीच काढला नाही.

"हीटरमध्ये काही बिघाड नाही," स्पातारो म्हणाला. "व्होल्टला अँपिअरनं भागा, रोध जेवढा हवा तेवढाच येतो. बिघाड होता तो जोडणाऱ्याच्या मनात."

"मग तिनंच लावला!" देल्मो उसळला. "मी गेल्यावर! मी असताना हीटर भिंतीत होता, पॉवरवर. मी शपथेवर सांगतो!"

"नक्की? तुम्ही बसला होता तोवर भिंतीतच होता?"

"भिंतीतच!"

"छान. आमाबिले बाई, तुम्ही साक्षीदार. आता असं बघा. या खोलीतला दिवा चाळीस वॉटचा. चाळीसला एकशे पंचवीसनं भागलं की एक तृतीयांश अँपिअरसुद्धा येत नाही. स्वयंपाकघरातला साठचा, तो अर्ध्या अँपिअरच्या आत. दोन्ही मिळून एकसुद्धा नाही. पेटी तुटते तिनाच्या वर. हीटर खरंच पॉवरवर असता, तर तेर्सिल्लानं असे पाच दिवे लावले असते तरी घर अंधारात गेलं नसतं." त्यानं जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "तेर्सिल्ला! स्वयंपाकघरातला दिवा लाव!"

खालून टक्कन आवाज आला. दिवा गेला. हीटरची कॉइल डोळ्यांदेखत काळी पडली. आमाबिले बाई किंचाळल्या.

"अडीचच्या वर हीटर, त्यात वरचा दिवा. तीनच्या काठावर," अंधारात स्पातारोचा आवाज आला. "खालचा दिवा लागला की कडेलोट. काल असंच दोनदा झालं. तेव्हा या खोलीत बसलं होतं कोण, देल्मोसाहेब? खाली दिवा लावू नको, मेणबत्ती लाव, म्हणून ओरडलं कोण? हे तर मला तुम्हीच सांगितलंत. तिला नावं ठेवायच्या घाईत तुम्ही स्वतःचंच बिंग फोडलंत."

खाली हवालदारानं स्वयंपाकघरातला दिवा बंद करून बटण दाबलं, दिवा आला, तेव्हा देल्मो दाराच्या दोन पावलं जवळ सरकलेला दिसला. डॉक्टर पावेझेंनी मधे पाय टाकून दार अडवलं. एरवी ते फार सभ्य गृहस्थ होते, पण त्या वेळी त्यांनी देल्मोला जी शिवी दिली ती आमाबिले बाई पुढं कितीतरी दिवस कुजबुजत सांगत होत्या.

"काल निघताना वरचा बल्ब सैल केलात, म्हणून अंधारात वर गेलेली वायर तिला दिसली नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन चोरटी काढून नेलीत," स्पातारो म्हणाला. "जाता जाता ब्रोच खाली तिच्या गादीखाली सरकवलात. ती तेव्हा अंगणात पाणी भरत होती. आणि मग काकांनी तोंड उघडलं, तेव्हा तुमचा जीव उडाला असणार. पण शब्दच असा निघाला की तुम्हाला आयतं कोलीत मिळालं."

देल्मोच्या मोटारसायकलच्या हत्यारांच्या पेटीत दोन गोष्टी सापडल्या: पितळेची एक चोरटी आणि हीटरची जुनी, जाड पायांची पिन. त्यानंतर तो नाही म्हणायचाही थकला. घर बालवाडीला द्यायला निघाला होता म्हातारा, आपल्या रक्ताचं सोडून, एवढंच पुटपुटत राहिला.

५

संध्याकाळची बस देल्मोला घेऊन गेली. दवाखान्यातून निरोप आला की म्हाताऱ्यांचा ताप उतरतोय, पण अजून दोन दिवस भरवसा नाही.

तेर्सिल्ला ठाण्यातल्या बाकावर बसली होती. बोचकं मांडीवर. स्पातारो तिच्यासमोर येऊन बसला. त्याला एक गोष्ट विचारल्यावाचून राहवेना.

"मी परका. मला तो शब्द माहीत नव्हता. पण तू तर इथली. घरोघरी ती वस्तू असते, मादाम तेक्ला म्हणते. डॉक्टर, आमाबिले बाई, सगळे इथलेच. तुला एकदाही वाटलं नाही की मालक त्या पितळेच्या बोंडकाबद्दल बोलतायत?"

तेर्सिल्लानं बोचक्याची गाठ चाचपली.

"माझ्या आईकडं अजून आहे ती," ती म्हणाली. "दर शनिवारी मीच लावते इस्त्रीला. पण साहेब, लहानपणापासून लोकांच्या घरी भांडी घासतेय. चमचा हरवला की आधी माझ्याकडं बघतात. खोलीत मोलकरीण उभी असताना कुणी चोरटी म्हटलं, तर दुसरं कुणाच्या मनात येणार? माझ्यासुद्धा आलं नाही. मला वाटलं, मालक मलाच म्हणाले. दिवसभर मी हेच मनात घोळवत होते, की मालकांना माझं असं काय दिसलं."

तिचा आवाज तिथं फाटला. इतका वेळ कोरडे राहिलेले डोळे भरून आले आणि तिनं ते बोचक्यात लपवले. स्पातारोनं उगीच टेबलावरची दौत उचलून पुन्हा ठेवली.

"चल, जीपनं दवाखान्यात सोडतो," तो शेवटी म्हणाला. "मालकांना भेट."

"जीप नको."

"मग?"

"सकाळी तुमच्या हवालदारानं मला भर बाजारातून चालवत आणलं. भाजीवाल्यापासून पाद्रीबाबापर्यंत सगळ्यांनी बघितलं. आता अजून दुकानं उघडी आहेत." तिनं डोळे पुसले आणि उभी राहिली. "तशीच चालत जाणार मी. तुम्ही बरोबर चला."

स्पातारोनं टोपी घातली, पट्टा सारखा केला. मग त्यानं तिच्या हातातलं बोचकं घेतलं. ती नको नको म्हणत राहिली, पण त्यानं ते सोडलं नाही.

चौकात न्हाव्याच्या दुकानातली चर्चा थांबली. पावाच्या दुकानासमोरच्या बायका मागं सरकल्या, आमाबिले बाई त्यांतच होत्या. गावाचा फौजदार, पूर्ण गणवेशात, मोलकरणीचं बोचकं खांद्याला लावून तिच्या एक पाऊल मागून चालला होता. तेर्सिल्ला घाईत नव्हती. ती प्रत्येक दुकानापुढं क्षणभर थांबली, आत बघितलं, आतल्यांनी मान खाली घातली की मगच पुढं गेली. स्पातारोही प्रत्येक दुकानापुढं थांबला.